बिगुलातलं पाणी

ही गोष्ट खोटी आहे असं ज्याला म्हणायचंय त्याने खुशाल म्हणावं. मी कुणाच्या हातापाया पडणार नाही.

पण ज्याच्यासोबत घडली तो माझा सख्खा मामा आहे. आजही अंबडला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत बसतो. खात्री करायची असेल तर जा आणि विचारा. फक्त एक करा. त्याच्यासमोर मसाल्याचा चहा नेऊ नका.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. येवल्याच्या अलीकडे आमचं आजोळ आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे अजून माणसं राहतात, उगाच कुणाला त्रास नको.

आणि हो, अमावास्येची मध्यरात्र वगैरे काही नव्हतं. सगळं दिवेलागणीला घडलं. बायका कांद्याच्या रोपांतून घरी येतात ना, त्या वेळेला.

किशोरमामा फौजेत बिगुलर होता. पलटणीत माणूस घड्याळ बघत नाही, बिगुल ऐकतो, असं तो सांगायचा. सकाळी रेव्हेली वाजली की अंथरुणातून बाहेर. जेवणाचा बिगुल वेगळा. संध्याकाळी रिट्रीट वाजली की झेंडा खाली, आणि जो जिथे असेल तो तिथेच सावधान. अर्धी दाढी झालेली असली तरी सावधान.

आणि एक धून होती लास्ट पोस्ट. ती मेलेल्या जवानासाठी.

ती वाजली की सगळ्यांच्या माना खाली. मग शांतता. कुणी खोकायचं नाही, कुणी हलायचं नाही. आणि मग बिगुलर दुसरी धून वाजवतो, तिला राउज म्हणतात. ती उठवायची धून. ती वाजली की माना वर.

हे सगळं आम्हाला कसं ठाऊक? तर मामा रिटायर होऊन आला तेव्हा देवळालीच्या बाजारातून एक जुना बिगुल विकत घेऊन आला होता. त्याच्यावर त्याने माझ्या मामेभावाला शिकवलं. सोमनाथला.

सोमनाथ मोठ्या मामाचा मुलगा. मोठा मामा लवकर गेला, मालनमामीने एकटीने पोराला वाढवलं. किशोरमामा त्याला ओट्यावर बसवून शिकवायचा आणि एकच गोष्ट बजावून सांगायचा.

"सोम्या, लास्ट पोस्टमध्ये एखादा सूर चुकला तर देव माफ करेल. पण राउज विसरायची नाही. माणसं मान खाली घालून उभी असतात रे. त्यांना उठवल्याशिवाय बिगुलरने जागचं हलायचं नाही."

मामी दारात तांदूळ निवडत हे सगळं ऐकायची.

वाजवताना तोंड कोरडं पडू नये म्हणून मामाने सोमनाथला जिभेखाली लवंग ठेवायची सवय लावली. ती त्याला जन्माची लागली. पुढे भरती झाला, पलटणीत बिगुलर झाला, तरी खिशात लवंगेची पुडी असायचीच. सुट्टी संपली की मामी डब्यात लाडवांबरोबर लवंगा बांधून द्यायची. त्याच्या जवळ बसलं की तोच वास यायचा.

दोन डिसेंबरांपूर्वी डोंगरातल्या रस्त्यावर त्याची गाडी बर्फावरून घसरली आणि दरीत गेली.

पलटणीची माणसं पेटी घेऊन आली. अंत्यविधी रीतसर झाला. लास्ट पोस्ट झाली, राउज झाली. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

घाण केली ती आपल्याच लोकांनी. वर्षाने.

गावात प्रफुल्ल म्हणून एक जण आहे. तरुण मंडळाचा अध्यक्ष. अंगात कायम पांढराशुभ्र शर्ट आणि तोंडात कायम गुटखा. त्याने सोमनाथचं स्मारक बांधायचं काढलं. चांगलं काम आहे, नाही कोण म्हणतो? पण पाटीवर सोमनाथच्या नावापेक्षा मंडळाचं नाव मोठं. आणि उद्घाटनाला कोण, तर तालुक्यातले एक भाऊसाहेब.

प्रफुल्लने अंबडला मामाला फोन लावला.

"मामा, बिगुल तुमीच वाजवायचा. सगळं लाइव्ह जानारे. भाऊसाहेबांना सांगून ठेवलंय मी, आमच्या गावचा बिगुलर हाय म्हणून."

आता इथे मामाने सरळ सांगून मोकळं व्हायचं की नाही?

मामाच्या वरच्या ओळीत एकही दात उरला नव्हता. तंबाखूने सगळ्या हिरड्या खाल्ल्या होत्या. तोंडात कवळी होती. कवळीवर बिगुल वाजत नाही. जोर लावला की कवळीच सुटून येते.

पण सांगेल तो मामा कसला! गावात त्याची सगळी ऐट त्या बिगुलावर. तो "हो" म्हणून बसला.

मग त्याने काय केलं माहितीये? मोबाइलच्या दुकानातून मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर आणला. फोनवर एक रेकॉर्डिंग उतरवून घेतलं. आधी लास्ट पोस्ट, मग शांतता, मग राउज, सगळं एकाच क्लिपमध्ये. स्पीकर रुमालात गुंडाळून बिगुलाच्या तोंडात कोंबला. आणि ज्या बिगुलावर सोमनाथ शिकला, तोच बिगुल घेऊन हा माणूस सोमनाथच्याच स्मारकाला निघाला.

मला हे लिहितानाही शिसारी येते.

कार्यक्रम दुपारचा होता. भाऊसाहेब आले सूर्य टेकल्यावर. गाडीतून उतरले, स्मारकाच्या मागे गेले, तिथे चौथऱ्यावर तोंडातली पिचकारी मारली आणि पुढे येऊन हार घातला. मालनमामीला मध्ये उभं करून फोटो झाले. फोटोवाला तिला म्हणाला, "काकू, जरा इकडं बघा, डोळे पुसू नका आत्ता."

मग मामा पुढे आला. मेडल लावलेला कोट. सावधान. बिगुल ओठांना लावला, गाल फुगवले आणि खिशात बोटाने बटण दाबलं.

लास्ट पोस्ट वाजली. झकास वाजली, कारण वाजवणारा दुसराच कुणीतरी होता. बायका रडल्या. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मालनमामीचीही गेली.

मग शांतता.

तेवढ्यात भाऊसाहेबांचा फोन वाजला. त्यांनी चक्क उचलला. "हां बोला... नाही नाही, एका मयताच्या कार्यक्रमात आहे..."

आणि मग बिगुलातून एका बाईचा आवाज आला.

"बॅटरी लो... प्लीज चार्ज."

टुंग... आणि स्पीकर बंद पडला.

मामाच्या पायाखालची जमीन सरकली. पुढच्या पोरांना वाटलं कुणाचा तरी मोबाइल असेल. डीजेवाल्याला वाटलं झालं वाटतं. त्याने देशभक्तीचं गाणं लावलं, ते पण धडधड ठेका टाकलेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेब गाडीत बसून गेलेसुद्धा.

मामाला तेव्हाही थांबवता आलं असतं. "थांबा, अजून राउज राहिलीय," एवढं म्हणायचं होतं. कुणाच्या तरी फोनवरून वाजवली असती तरी चाललं असतं. पण फजिती होईल म्हणून त्याने कडक सॅल्यूट ठोकला आणि मागे सरकला.

मालनमामीची मान अजून खालीच होती.

"भाऊजी," ती खाली बघतच म्हणाली, "उठवलं नाय का?"

"आता अशीच पद्धत आहे, वहिनी," मामा म्हणाला. "नवीन नियम आलाय."

तो अंबडला परत आला. बिगुल खुंटीला अडकवला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो घरात एकटाच होता. त्याची बायको आणि मुलगी बाजारात गेल्या होत्या. बाहेर नेहमीचा गोंगाट. कंपन्यांची शिफ्ट सुटली होती. रिक्षा, हॉर्न, भाजीवाला.

आणि अचानक...

काहीच नाही.

मामाला वाटलं कानाला दडा बसला. तो खिडकीत गेला. रिक्षा चालत होत्या. भाजीवाल्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज मात्र कशाचाच नव्हता.

फक्त मागून एक आवाज आला.

टप्...

टप्...

बिगुलातून पाणी ठिबकत होतं.

आता ज्याने बिगुल वाजवलाय त्याला हे नवीन नाही. फुंकून फुंकून आत थुंकी साचते, वाफेचं पाणी होतं. वाजवून झालं की उलटा करून झटकायचा असतो. पण हा बिगुल वाजवला कुणी होता? सोमनाथ गेल्यापासून त्यात कुणी फुंकलं नव्हतं.

मामाने बिगुल उलटा केला.

भसकन् पाणी आलं. घट्ट. बुळबुळीत. फरशीवर पडलं आणि तार धरून राहिलं. मामाच्या मनगटावर उडालं. कोमट होतं.

वास आला. शिळ्या तोंडाचा वास. आणि त्या वासाच्या आत... लवंग.

मामा मोरीत जाऊन ओकला.

त्याने बिगुल फिनेलने धुतला. गरम पाण्याने धुतला. आतून कापडाची वळी फिरवली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आवाज गेले आणि बिगुल पुन्हा भरला. तिसऱ्या दिवशी त्याने तो गोणीत बांधून बाहेर गॅलरीत ठेवला. गोणी भिजून खाली ओघळ गेला. खालच्या मजल्यावरची बाई भांडायला आली, की तुम्ही वरून थुंकता म्हणून!

मग गावाहून प्रफुल्लचा फोन आला. या खेपेला आवाजात ती टेचात बोलायची तऱ्हा नव्हती.

"मामा, काकूचं कायतरी बिनसलंय. रोज दिवस मावळला की स्मारकापाशी येऊन उभी राहते. मान खाली. हाका मारा, हलवा, मान वर करतच नाय. येवल्याच्या डॉक्टरने बीपीची गोळी दिली. काल रातभर थंडीत तशीच उभी होती. अंगात ताप हाय, मामा. लय दिवस नाय काढायची ती."

मामाने बिगुल घेतला आणि मोटरसायकलवरून निघाला.

दुपारी मामी घरात होती. अंगावर गोधडी, ओठ फुटलेले, मानेचा मागचा भाग सुजून लाल झालेला. भाकरीचा तुकडा हातात तसाच.

"वहिनी, कशाला जाता तिकडं?"

"मी जात नाय, भाऊजी. पाय जातात. मान आपोआप खाली जाते आन् मग उचलतच नाय. रोज जरा जास्तच येळ लागतो सुटायला." तिने भाकरी खाली ठेवली. "शेजारी सोमा उभा असतो."

मामा तिच्यापुढे खाली बसला.

"दिसतो?"

"मान वर होत नाय तर तोंड कसं दिसंल? त्याचे बूट दिसतात नुसते. टाचा जुळवलेल्या. ओले हायेत बूट." "भाऊजी, त्या दिवशी तुमी त्याला उठवलं नाय ना?"

"नाही, वहिनी," मामा म्हणाला. मग त्याने स्पीकरचं सगळं सांगितलं.

तिने शिव्या दिल्या असत्या तर मामाला बरं वाटलं असतं.

"मग आज उठवा," एवढंच म्हणाली.

सूर्य टेकला. मामी उठली आणि चालायला लागली. मामा मागे. स्मारकापाशी प्रफुल्ल आधीच येऊन उभा होता. भाऊसाहेबांची पिचकारी चौथऱ्यावर तशीच वाळलेली होती, ती पुसायची बुद्धी एवढ्या दिवसांत एकालाही झाली नव्हती.

मामी चौथऱ्यासमोर थांबली. मान खाली गेली.

आणि आवाज गेले.

शेतातली मोटर चालू होती, पाईपातून पाणी पडत होतं, आवाज नव्हता. कुत्रं भुंकत होतं, आवाज नव्हता. प्रफुल्ल काहीतरी बोलायला गेला आणि त्याचीही मान खाली गेली. तोंड उघडंच राहिलं. गुटख्याची लाल लाळ हनुवटीवरून पांढऱ्या शर्टावर गळत राहिली आणि त्याला पुसता येईना.

मामाने चौथऱ्याजवळच्या मातीत बघितलं.

मामीच्या पावलांशेजारी... बुटांचे दोन ठसे होते. टाचा जुळलेल्या. त्यात पाणी साचत होतं.

आणि तरीही, ऐका आता माणसाची जात! मामाने आधी काय काढलं? स्पीकर! फुल चार्ज करून आणला होता. बिगुलात कोंबला. फोनवर राउज लावली. फोनवर क्लिप पुढे सरकत होती, स्पीकरचा निळा दिवा लुकलुकत होता.

एक सूर बाहेर आला नाही.

त्याने स्पीकर ओढून काढला. तो थुंकीने बरबटला होता. बोटाला चिकटून तार लांबत आली. मामाने तो फेकून दिला.

मामीचा तोल पुढे जायला लागला होता.

मग मामाने कवळी काढली. खिशात टाकली. बिगुल वर केला आणि माउथपीस नुसत्या हिरड्यांवर दाबला.

माउथपीस गरम होता.

आत्ताच कुणीतरी ओठांवरून काढून दिल्यासारखा गरम... आणि ओला. तोंडात ती चव आली. दुसऱ्याच्या तोंडाची चव. त्याने डोळे मिटले आणि फुंकलं.

गुळगुळ आवाज झाला. फक्त पाणी.

पुन्हा फुंकलं. हिरडी फाटली. रक्त आणि ती थुंकी एक होऊन हनुवटीवरून गळली. पुन्हा फुंकलं. काही नाही.

"सोम्या, माझ्याच्याने होत नाही रे!" तो मनात म्हणाला.

आणि मग...

बिगुलातून उलटी फुंकर आली.

मामाने हे शपथेवर सांगितलं मला. तो फुंकत नव्हता. बिगुलाच्या त्या बाजूने कुणीतरी फुंकलं. दुसऱ्याचा श्वास त्याच्या तोंडात शिरला. गाल फुगले. बोळक्या तोंडात लवंगेचा वास कोंदला. त्याला तोंड बाजूला काढायचं होतं, पण माउथपीस हिरड्यांना चिकटून बसला होता. तो श्वास त्याच्या छातीत गेला, तिथे थांबला आणि फिरून बाहेर आला.

राउज वाजली.

खणखणीत. एकही सूर इकडचा तिकडे नाही. भर उमेदीत मामाने अशी वाजवली नव्हती.

मालनमामीची मान वर आली.

मोटरचा आवाज आला. कुत्र्याचा आला. प्रफुल्ल खाली बसून ओकायला लागला. मामी मात्र शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. आता मान वर होती ना. कुणाच्या तरी तोंडाच्या उंचीला तिची नजर लागली होती.

ती बघून हसली.

मग तिने मामाच्या हातातून बिगुल काढून घेतला. नाकाशी नेला. खोल वास घेतला. पदराने माउथपीस हळूहळू पुसला, बाळाचं तोंड पुसतात तसा.

"हा राहू द्या माझ्याकडं, भाऊजी."

मामाने सुटकेचा श्वास सोडला. त्या दिवसानंतर मामी कधी स्मारकापाशी तशी उभी राहिली नाही. ताप उतरला, जेवायला लागली. गोष्ट इथे संपायला हवी होती.

उन्हाळ्यात मामा तिला भेटायला गेला. मामीने बाळसं धरलं होतं. चेहऱ्यावर तजेला. "बसा भाऊजी," म्हणाली आणि चहा टाकला.

चहा फक्कड झाला होता. मामाने बशीत ओतून फुर्रकन् संपवला.

"झकास झालाय, वहिनी. लवंग घातली वाटतं?"

"लवंग कुठली?" मामी आतून म्हणाली. "सोमा गेल्यापास्नं घरात लवंग आणली नाय मी."

मामाने मान वळवून स्वयंपाकघरात बघितलं.

ओट्याच्या वर, मीठमसाल्याच्या फळीशेजारी, खिळ्याला बिगुल टांगला होता. तोंड खाली. त्याच्या खाली पितळेची वाटी.

टप्...

टप्...

मामी ती वाटी अलगद उचलून दुसऱ्यांदा ठेवलेल्या चहाच्या पातेल्यात ओतत होती.

"वहिनी!" मामा किंचाळला. "अहो, थुंकी आहे ती!"

मामी वळली. तिला राग आला नव्हता. उलट त्याचंच नवल वाटलं.

"थुंकी काय म्हणता, भाऊजी? सोमाचं उष्टं हाय ते. लहानपणी त्याच्या ताटातलं उष्टं मीच खायची की. आईला कसली किळस?"

मामा अंगणात पोचायच्या आत ओकला. तेव्हापासून तो दिवसातून कितीदा चूळ भरतो, ते त्याच्या कंपनीच्या गेटवर जाऊन बघा. दिवेलागणीला त्याचं तोंड भरून येतं. ते पाणी त्याचं स्वतःचं नाही, असं म्हणतो. थुंकायला डबा जवळ ठेवतो.

मी हे सगळं आत्ताच का लिहितोय? तर पुढच्या आठवड्यात सोमनाथचं दुसरं वर्षश्राद्ध आहे. काल मालनमामीचा फोन आला होता.

"ये रे बाबा. तू तर आलाच नाहीस वर्षभर. काही नाय तरी घोटभर चहा घेऊन जा."

आता अशा घरचा चहा नको कसा म्हणायचा, सांगा तुम्हीच! बिचारी एकटी बाई. मी "येतो" म्हणून बसलोय.

ती फोन ठेवायला विसरली. मीही लगेच ठेवला नाही. मागे स्टोव्हचा आवाज येत होता, मामी कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती, आणि काहीतरी ठिबकत होतं.